रवा किती वाढू द्यायचा?

अजिंठ्याची लेणी पाहायला फर्दापूरला उतरलं की चित्रांच्याही आधी हातात येतात ते स्फटिक. विक्रेते पांढरे, हिरवट, फिकट गुलाबी खडे पुढे करतात. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपत्या गरम पाण्यानं विरघळलेली खनिजं तिथं आणली, आणि स्टिल्बाइट, अपोफिलाइट, क्वार्ट्झ वाढू लागले. फुटलेल्या गारगोटीची कड नीट पाहा. खडकाला लागून बारीक, दाटीवाटीचे कण दिसतील आणि आत मोठे, टोकदार स्फटिक. सुरुवात असंख्य ठिकाणी झाली, मग जागेसाठी चढाओढ लागली आणि पोकळीच्या दिशेनं तोंड असलेलेच पुढे गेले.

हीच चढाओढ आज प्रयोगशाळेत काचेच्या तुकड्यावर काही सेकंदांत घडवतात, तीही दिव्यासाठी!

पेरॉव्स्काइट हे खनिज 1839 मध्ये उरल पर्वतात सापडलं. अणूंची तशीच मांडणी ठेवून सिझियम, शिसं आणि ब्रोमीन एकत्र आणलं की हिरवा प्रकाश देणारा अर्धवाहक मिळतो. ब्रोमिनच्या जागी आयोडीन घातलं तर लाल, क्लोरीन मिसळलं तर निळा. नेहमीच्या निळ्या एलईडीचा स्फटिक हजार अंशांच्या आसपास वाढवावा लागतो. हा मात्र द्रावण वाळलं की आपोआप जमतो. आपोआप जमतो, हीच अडचण. कढवलेलं तूप सावकाश निवलं तर रवाळ होतं, झटकन थंड केलं तर गुळगुळीत. इथंही रव्याचा आकार त्या काही क्षणांवर ठरतो.

म्हणून द्रावणाचा थेंब टाकलेली काच भरधाव फिरवतात आणि नेमक्या सेकंदाला त्यावर असा दुसरा द्रव सोडतात, ज्यात पेरॉव्स्काइट विरघळत नाही. विरघळलेला माल एकदम बाहेर पडतो आणि एकाच वेळी असंख्य ठिकाणी बीज धरतं. बीजं जितकी जास्त, तितका रवा लहान. द्रव सोडायला थोडा उशीर झाला, तर मोजके मोठे रवे वाढतात आणि मध्ये उघडी काच राहते. तिथून वीज प्रकाश न देताच निसटते.

सौर घटाला बहुधा मोठा रवा मानवतो, कारण तिथं विद्युतभार दूरवर न्यायचा असतो. दिव्याला उलट हवं. इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) यांची भेट लवकर व्हावी, म्हणून त्यांना छोट्या खोलीत कोंडायचं. पण रवा लहान केला की कडा वाढतात, आणि कडेवरच्या अपुऱ्या अणुबंधांपाशी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. मग त्या कडा सेंद्रिय रेणूंनी बुजवायच्या. हे रेणू रव्याची वाढही रोखतात. एकाच रेणूकडून दोन्ही कामं साधावीत, हे मला या साऱ्या विद्येतलं सर्वांत देखणं कौशल्य वाटतं.

2014 मध्ये केंब्रिजला भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फ्रेंड यांच्या गटानं खोलीच्या तापमानाला चालणारे असे दिवे दाखवले, तेव्हा शंभर इलेक्ट्रॉनांमागे एक फोटॉनही बाहेर येत नव्हता. 2018 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी हे प्रमाण विसाच्या पुढे नेलं. त्यातल्या एका दिव्यात तर अमिनो आम्ल मिसळून थर मुद्दामच सुट्या, सूक्ष्म चकत्यांचा होऊ दिला होता. सपाट थरात अडकून पडणारा प्रकाश त्या चकत्यांमुळे बाहेर निसटला.

आपल्याकडेही हे काम झालं आहे. 2015 मध्ये पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत अंग्शुमन नाग यांच्या गटानं, आयआयटी मुंबईच्या अरिंदम चौधुरींसोबत, जेमतेम 11 नॅनोमीटरचे सिझियम-शिसं-ब्रोमाइड स्फटिक अभ्यासले. शोषलेल्या शंभर प्रकाशकणांपैकी सुमारे नव्वद ते परत देत होते.

तरीही हा दिवा अजून घराघरात लागण्याजोगा नाही. विजेच्या दाबाखाली स्फटिकातले आयन जागा सोडतात, ओलावा त्याला विरघळवतो, निळा रंग लवकर मंदावतो आणि शिशाचं विष आहेच. रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी हे प्रश्न हाती घ्यावेत. त्यासाठी परदेशीच जायला हवं असं नाही. पुण्यामुंबईच्या प्रयोगशाळांची दारं ठोठावा.