फाईलच्या जागी पत्ता

गेल्या पावसाळ्यात आमच्या विभागाच्या फलकावर रोजचा पाऊस लिहिण्याचे काम माझ्याकडे आले होते. आकड्यांचा तक्ता एका संकेतस्थळावर मिळे. तो उतरवून घ्यायचा, फाईल म्हणून साठवायची आणि मग सिल्वासाच्या ओळी शोधून बेरीज करणारी छोटी आज्ञावली तिच्यावर चालवायची, असा रोजचा खटाटोप. एकदा मनात आले, मधली ही फाईल हवीच कशाला? फाईलच्या नावाऐवजी तक्त्याचा पत्ताच देऊन पाहावा. दिला. उत्तर आले, ‘अशी फाईल नाही.’

संगणकाचे बरोबरच होते. कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टंकून काम करण्याच्या पद्धतीत, आज्ञावली फाईल उघडते ती कार्यप्रणालीमार्फत. आणि कार्यप्रणालीला तिरपी रेघ दिसली की तिच्या आधीचे ते फोल्डरचे नाव वाटते. तिने बिचारीने ‘एचटीटीपीएस:’ नावाचे फोल्डर माझ्याच डिस्कवर शोधले!

यावरचा तोडगा पुष्कळ जुना आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ सालीच सुचवले होते की, बागेतल्या रबरी नळीला दुसरा तुकडा जोडावा तशा आज्ञावल्या एकमेकींना जोडता आल्या पाहिजेत. १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये ही सोय केली. तिलाच ‘पाइप’ म्हणतात आणि तिची खूण एक उभी रेघ. डावीकडची आज्ञावली जे बाहेर टाकते, ते उजवीकडची आत घेते; ते कोठून आले याची चौकशी ती करीत नाही. तेव्हा डावीकडे पत्त्यावरून मजकूर आणणारी ‘कर्ल’ ठेवावी (स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांची ही आज्ञावली, १९९८ पासून या नावाने चालते) आणि उजवीकडे आपली बेरीज. काही आज्ञावल्या फाईलच्या नावासाठी हटून बसतात. त्यांतल्या पुष्कळांना नावाच्या जागी नुसती आडवी रेघ दिली की त्या पाइपमधून वाचतात.

पत्ता मात्र अवतरणचिन्हांत लिहावा. पत्त्यात ‘अँड’ची खूण आली की तेथेच आज्ञा संपली असे समजून अर्धाच पत्ता पुढे जातो. देवनागरी पत्त्यांची गंमत आणखी निराळी. ‘सिल्वासा’ या शब्दात काना, वेलांटी, हलन्त धरून आठ चिन्हे आहेत. प्रत्येकाला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याची खूण व दोन अक्षरे असा लिहिला जातो. म्हणजे एवढ्याशा नावाची ७२ अक्षरे! कन्नड विभागातील मित्रांनी हसू नये. त्यांच्या लिपीचेही असेच आहे.

जोडणी जमली आणि मी खूष झालो. मग जुलैमध्ये एक दिवस फलकावर ‘पाऊस : ०’ असे लिहून मोकळा झालो. बाहेर धो धो कोसळत होते, दमणगंगा तुडुंब वाहत होती आणि फलकाभोवती मुले हसत होती. झाले होते असे की तक्त्याची जागा बदलली होती आणि जुन्या पत्त्यावरून ‘पान सापडत नाही’ एवढाच निरोप येत होता. कर्लने तो निरोप इमानाने पुढे ढकलला, बेरजेला त्यात सिल्वासाची एकही ओळ मिळाली नाही, आणि काहीच न मिळाल्याची बेरीज शून्य. डिस्कवर फाईल नसेल तर संगणक आरडाओरडा करतो. पत्त्यावरून मात्र काही ना काही उत्तर येते, आणि तेही मजकुरासारखेच दिसते.

आता मी कर्लला ‘एफ’ हा पर्याय देतो. मग चुकीचे पान आले तर ती ते पुढे न पाठवता अपयश कळवते. पण तेवढ्याने भागत नाही. पाइपमध्ये एरवी शेवटच्या आज्ञावलीचाच निकाल धरला जातो, आणि बेरीज तर यशस्वी झालेली असते! बॅशमध्ये त्यासाठी ‘पाइपफेल’ चालू करावे लागते. झिप फाईल असेल तर मी पाइपच्या वाटेला जात नाही. तिची अनुक्रमणिका शेवटी असते आणि वाहत्या प्रवाहात मागेपुढे जाता येत नाही. ती आधी उतरवूनच घेतो.

आणि आकडा आला नाही त्या दिवशी फलकावर नुसती रेघ मारतो.