विश्लेषण : एकाच समूहातील कंपन्यांत शेअर हस्तांतर, मुद्रांक शुल्क किती, भरायचे कोणी?

समजा, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका कुटुंबाचा उद्योग आहे. एक कंपनी ओतकाम करते, दुसरी मशीनिंग. दोन्हींचे सगळे समभाग तिसऱ्या, पालक कंपनीकडे. आता मशीनिंग कंपनीचे ४० कोटींचे समभाग पालक कंपनीकडून ओतकाम कंपनीला विकायचे ठरले. मालक तेच, संचालक तेच. तरीही मुद्रांक शुल्क लागते.

नाते का मोजले जात नाही?

वडिलांनी मुलाला राहते घर बक्षीसपत्राने दिले, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये (अधिभार वेगळे). कंपन्यांना अशी ‘रक्ताची’ सवलत नाही. प्रत्येक कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती, त्यामुळे पालक कंपनीने उपकंपनीला विकलेला शेअर ही साधी विक्रीच.

गंमत म्हणजे २०२० पूर्वी यातून सुटका होती. कागदी शेअरच्या हस्तांतरावर ०.२५ टक्के शुल्क होते, पण डिमॅटमधील हस्तांतराला माफी होती. भारतीय मुद्रांक कायद्यातील दुरुस्ती १ जुलै २०२० पासून लागू झाली आणि ही माफी गेली. शेअर हस्तांतराचा दर देशभर ०.०१५ टक्के झाला. या दरपत्रकात समूहातील कंपन्यांसाठी वेगळा रकाना नाही. आपल्या उदाहरणात ४० कोटींवर शुल्क होते ६० हजार रुपये. जुन्या कागदी दराने ते दहा लाख झाले असते.

कागदी मार्गही आता जवळपास बंद आहे. ‘लहान कंपनी’ वगळता इतर खासगी कंपन्यांना शेअर डिमॅट करणे बंधनकारक असून त्यासाठीची वाढीव मुदत ३० जून २०२५ ला संपली. इथे अनेक जण फसतात. भांडवल कितीही कमी असो, कंपनी दुसऱ्या कंपनीची पालक किंवा उपकंपनी असेल तर ती ‘लहान’ ठरतच नाही.

पैसे कोण भरतो, कोणाला जातात?

शेअर बाजारात खरेदी झाली तर शुल्क खरेदीदाराकडून घेतले जाते. बाजाराबाहेरच्या व्यवहारात मात्र विकणाऱ्याने भरायचे. डिपॉझिटरी ते वसूल करते. दर केंद्राचा, पण पैसा खरेदीदार ज्या राज्यातला त्या राज्याच्या तिजोरीत जातो.

शुल्क व्यवहारात नमूद केलेल्या किमतीवर लागते. म्हणून किंमत कमी लिहिण्याचा मोह होतो. हिशेब करून पाहा. ४० कोटींऐवजी २० कोटी लिहिले तर वाचतात ३० हजार रुपये. पण प्राप्तिकर खाते वाजवी मूल्य पाहते आणि फरकावर विकणारा व घेणारा, दोघांनाही कर लागू शकतो. शंभर टक्के मालकीच्या भारतीय उपकंपनीला दिलेल्या मालमत्तेसाठी प्राप्तिकरात सवलत आहे. मुद्रांक शुल्काला त्याचे सोयरसुतक नाही.

मग खरा पैसा कुठे आहे?

जमिनीत. मुंबईतील १०० कोटींची जमीन एका कंपनीने भगिनी कंपनीला थेट विकली तर मेट्रो अधिभारासह सहा टक्के, म्हणजे सहा कोटी. तीच जमीन असलेल्या कंपनीचे १०० कोटींचे शेअर विकले तर दीड लाख. ही दरी पाहिली की समूहातली फेररचना बहुतेकदा शेअरच्या वाटेने का होते, ते वेगळे सांगायला नको.

विलीनीकरणाचा रस्ता धरला तर गणित पुन्हा बदलते. महाराष्ट्रात त्या आदेशावरच शुल्क लागते : राज्यातील स्थावर मालमत्तेच्या पाच टक्के किंवा दिलेल्या शेअरच्या मूल्याच्या ०.७ टक्के, यातले जे जास्त ते, ठरलेल्या कमाल मर्यादेत. रिलायन्स पेट्रोलियम रिलायन्स इंडस्ट्रीजमध्ये विलीन झाली तेव्हा गुजरातमध्ये दहा कोटी भरले होते. ते महाराष्ट्राच्या २५ कोटींतून वजा करा, अशी कंपनीची मागणी होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये ती नाकारली. दोन राज्यांतले दोन आदेश म्हणजे दोन दस्त, आणि शुल्क प्रत्येक दस्तावर.