तीन दिवस समुद्रकांठीं

सुटी म्हणजे काय, असें घरांतील पुरुषमंडळींस विचारलें तर एक उत्तर मिळतें, बायकामंडळींस विचारलें तर दुसरें. एकत्र कुटुंबांत सुटी लागली कीं पाहुणे वाढतात, पंगती वाढतात. आणि प्रवासास निघावें तर चूल पुढें व माणसें मागें अशी स्थिति होते. म्हणून यंदा दिवाळींत अलिबागेस जाण्याची गोष्ट निघाली तेव्हां आम्हीं तिघी जावांनीं एकच अट घातली. बरोबर शेगडी घ्यावयाची नाहीं व पिठाचे डबेहि घ्यावयाचे नाहींत. मामंजींनीं ती हंसून मान्य केली.

प्रश्न होता सासूबाईंचा. अवसरी खुर्दच्या घरांत त्यांनीं पन्नास वर्षें संसार केला, पण समुद्र कधीं पाहिला नव्हता. “पाणीच ना तें? त्यासाठीं एवढा खर्च कशाला?” असें त्या म्हणत. खरी अडचण गुडघ्यांची होती. आपल्यामुळें मुलांचा खोळंबा होईल, ही भीति त्या बोलून दाखवीत नव्हत्या.

वास्तविक जुन्नर-आंबेगांवच्या माणसास समुद्र परका नाहीं. सातवाहनांच्या काळीं याच मुलखांतला माल नाणेघाटानें उतरून कल्याणच्या बाजूस जात असे. पुढें पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, वास्को-द-गामा १४९८ सालीं कालिकतेस पोहोंचला त्याच्याहि आधीं, अफानासी निकितिन नांवाचा रशियन व्यापारी चौलास उतरला व तेथून जुन्नरास आला. या वाटेस त्याला तीन आठवड्यांहून अधिक दिवस लागले. पावसाळा त्यानें जुन्नरास काढला आणि तेथील खानानें त्याचा घोडा हिरावून घेतल्याची हकीकत आपल्या प्रवासवृत्तांतांत लिहून ठेविली. त्याची वाट आम्हीं उलट दिशेनें धरली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं निघून चाकण, तळेगांव, खोपोली व पेण या मार्गानें सायंकाळच्या आंत आम्ही अलिबागेस होतों.

समुद्रकांठीं जाणाऱ्यानें घड्याळाबरोबर पंचांगहि पाहावें. कोंकणांत एक साधा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीचा तास मिळतो, आणि त्यांत सुमारें सहा तास मिळविले कीं ओहोटीची वेळ येते. पौर्णिमेनंतर तिथि पुन्हां एकपासून मोजावयाची. दुसरा दिवस चतुर्थीचा होता. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहांटे तीनला भरती व सकाळीं नऊच्या सुमारास ओहोटी. हा हिशेब ऐकतांच सासूबाईंचा चेहरा बदलला. तिथि पाहणें हें तर त्यांच्या घरचें काम! “साडेआठला निघा, दहाच्या आंत परता,” असा हुकूम त्यांनींच सोडला. अष्टमीच्या आसपास ओहोटी उथळ असते, तेव्हां किल्ल्यावर पायीं जाण्याचा बेत करूं नये, हेंहि गृहिणींनीं ध्यानांत ठेवावें. भरतीचें पाणी कोणासाठीं थांबत नाहीं, आणि मुलें बरोबर असतां धाडस हें शहाणपण नव्हे.

कुलाब्याच्या किल्ल्याचें काम शिवाजीमहाराजांनीं १६८० सालीं सुरू केलें. आंत रघोजी आंग्र्यांनीं १७५९ सालीं बांधविलेलें सिद्धिविनायकाचें देऊळ आहे, आणि चहूंबाजूंस खारें पाणी असतां गोड्या पाण्याचा सांठाहि आहे. ओहोटीच्या वाळूवरून घोडागाडी जाते, त्यामुळें सासूबाईंच्या गुडघ्यांस श्रम पडले नाहींत. देवळांतून बाहेर येऊन त्या तटाशीं बराच वेळ उभ्या राहिल्या. कोणींहि त्यांस घाई केली नाहीं.

गांवांतील भूचुंबकीय वेधशाळेची कथा मुलांस फार आवडली. मुंबईस विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांमुळें कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकसूचींत बिघाड होईल, म्हणून १९०४ सालीं हें काम अलिबागेस आणलें; आणि इमारतींत लोखंड येऊं दिलें नाहीं.

तिसऱ्या दिवशीं आक्षीचा शिलालेख पाहिला. तो शके ९३४ चा असल्याचें कित्येक अभ्यासक मानतात, व त्या मानानें मराठींतील अतिप्राचीन लेखांत त्याची गणना होते. पुढें नागांवला नारळी-पोफळींच्या वाडींत एका घरगुती खाणावळींत जेवलों. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचें बिरडें, सोलकढी. साधाच बेत; पण आम्ही तिघी जावा एकाच वेळीं, एकाच पंगतीस, वाढलेल्या गरम पानावर बसलों होतों. लग्न झाल्यापासून असें पूर्वीं घडल्याचें मला आठवत नाहीं. मामंजींच्याहि तें लक्षांत आलें असावें. “तिघींना आणखी वाढा,” एवढेंच ते म्हणाले.

रेवदंड्यास पोर्तुगीजांचा तट आणि एका विद्यालयाच्या आवारांत निकितिनचें स्मारक पाहिलें. खाडीपलीकडील कोर्लई गांवांत कांहीं कुटुंबें अजून पोर्तुगीजापासून झालेली आपली निराळी बोली बोलतात. सत्ता १७४० सालीं गेली; भाषा मात्र घराघरांतून टिकली.

चौथ्या दिवशीं पांढऱ्या कांद्याची एक माळ घेऊन परतलों. कांदा-बटाट्याच्या आमच्या मुलखांत कांदा विकत आणला म्हणून शेजारीपाजारीं थट्टाहि झाली. दूरच्या यात्रेस लागणारा पैसा व रजा सर्वांनाच साधत नाहीं. पण तीन-चार दिवस बहुतेक कुटुंबांस काढतां येतात, आणि घरांतील वडील बाईपासून धाकट्या सुनेपर्यंत सर्वांस विसांवा मिळाला तरच ती सुटी. पुढील वर्षीं मुरुड-जंजिऱ्याचा बेत आहे. कोणती तिथि धरावयाची, तें सासूबाई आतांपासूनच पाहत आहेत.