घरून काम: सात तासांचा हिशेब जुळत नाही

४१ टक्के आणि २१.४ टक्के. १४० मिनिटे आणि ७४ मिनिटे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणातले हे आकडे आहेत. १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची काळजी घेण्यात सहभागी होत्या आणि त्यांचा त्यात दिवसाला सरासरी १४० मिनिटे वेळ गेला. त्याच वयाच्या पुरुषांपैकी २१.४ टक्क्यांनी हे काम केले आणि त्यांची सरासरी ७४ मिनिटे भरली.

यातले सहभागाचे प्रमाण आणि वेळ यांचा गुणाकार केला की खरे अंतर कळते. काळजीचा हा वेळ त्या वयोगटातल्या सगळ्यांमध्ये वाटला, तर प्रत्येक स्त्रीच्या वाट्याला सुमारे ५७ मिनिटे येतात आणि प्रत्येक पुरुषाच्या वाट्याला सुमारे १६. म्हणजे साडेतीन पटींहून जास्त फरक. घरकामाचा वेळ यात धरलेलाच नाही. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात जाणारा सरासरी वेळ २०१९ मध्ये ३१५ मिनिटे होता, २०२४ मध्ये तो ३०५ झाला. पाच वर्षांत १० मिनिटे कमी झाली. याच पाच वर्षांत करोनाची टाळेबंदी आली आणि लाखो घरांत नोकरी लॅपटॉपवर येऊन बसली.

लहान मूल असलेल्या आईला 'घरून काम कर की, मग काय अडचण आहे?' असे सहज सांगितले जाते, ते या पार्श्वभूमीवर. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. मूल डोळ्यांसमोर राहते, प्रवास वाचतो, नोकरी सुटत नाही, हे फायदे खरे आहेत आणि अनेकींची नोकरी त्यामुळेच टिकली आहे. पण घरून काम केल्याने फक्त कामाची जागा बदलते. मुलाला सांभाळायला लागणारे तास त्याने मिळत नाहीत.

दीड वर्षाच्या मुलाचा दिवस

उदाहरण म्हणून हिशेब मांडून पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह दिवसाला ११ ते १४ तास झोप हवी. आपण १२ तास धरू: रात्री नऊ ते सकाळी सात आणि दुपारी एक ते तीन. आईची शिफ्ट साडेनऊ ते साडेसहा, म्हणजे ९ तास. त्यातले २ तास मूल झोपलेले असेल. उरलेले ७ तास आईचे काम चालू आहे आणि मूलही जागे आहे. आठवड्याच्या पाच दिवसांचे ३५ तास होतात.

दीड वर्षाचे मूल चालते, चढते आणि दिसेल ते तोंडात घालते. त्याच्यापाशी जाणते माणूस लागतेच, आणि कामाच्या कॉलवर असलेले माणूस तसे जवळ असूनही नसते. मोबाइल हातात देऊन हे तास भरून काढता येत नाहीत. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन दाखवूच नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितले. अपवाद फक्त नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलचा. दोन ते पाच वर्षांच्या मुलांनाही एक तासाची मर्यादा आहे.

वाचलेल्या प्रवासाचे काय? जाऊन-येऊन दोन तास वाचले असे धरले, तरी ते शिफ्टच्या आधीचे आणि नंतरचे आहेत. अडचणीच्या ७ तासांत त्यांची भर पडत नाही. ते तास आजी-आजोबांकडून, पगारी मदतनीस बाईकडून, पाळणाघराकडून किंवा बाबाकडून यावे लागतात. यांपैकी काहीच नसेल तर ते आईच्या झोपेतून जातात. दिवसा राहिलेले तीन तासांचे काम मूल झोपल्यावर सुरू केले, तरी ते संपायला मध्यरात्र होते, आणि मूल सकाळी सातला उठायचे थांबत नाही.

तुकड्यातुकड्यांचे काम

तास भरले तरी ते सलग नसतात. इंग्लंडमध्ये एप्रिल-मे २०२०च्या टाळेबंदीत दोन्ही पालक असलेल्या कुटुंबांचा अभ्यास झाला. 'इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज' आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अभ्यासकांना असे दिसले की आयांच्या नोकरीच्या तासांपैकी ४७ टक्के तास दुसरे काहीतरी सांभाळत गेले होते आणि ते काम बहुतेक वेळा मुलांचेच होते. वडिलांचे हे प्रमाण ३० टक्के होते. २०१४-१५ मध्ये आयांना वडिलांच्या तुलनेत सुमारे ६० टक्के सलग तास मिळत. टाळेबंदीत ते ३५ टक्क्यांवर आले. घर तेच होते, आई-बाबा दोघेही त्यात होते, तरी मूल हाक मारायचे ते आईला.

आपल्याकडच्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिवसाची नोंद अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत होते आणि एका खणात एकापेक्षा जास्त कामे असली तर दहा मिनिटे किंवा त्याहून अधिक चाललेलीच धरली जातात. तीन मिनिटे पाणी पाजायला, चार मिनिटे चड्डी बदलायला, दोन मिनिटे रडे थांबवायला गेली, तर कागदावर तो अर्धा तास नोकरीचाच दिसतो. म्हणूनच १४० मिनिटांचा आकडा मोठा वाटला तरी घरून काम करणाऱ्या आईचे सगळे ओझे त्यात येत नाही.

जुनी वाट

महाराष्ट्राला घरून काम नवे नाही. गिरगावात १९५९ मध्ये सात जणींनी ८० रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेल्या लिज्जत पापडची रीतच अशी की भिजवलेले पीठ घरी न्यायचे आणि पापड लाटून द्यायचे. सोलापुरात हजारो स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या घरी बिड्या वळत आल्या आहेत. या कामाची मजुरी नगावर मिळते. मूल रडले, हात थांबला, की तेवढी कमाई कमी. व्यत्ययाची किंमत बाईनेच मोजायची, असा तो व्यवहार. मासिक पगार घेणाऱ्या आजच्या आईचा पगार लगेच कापला जात नाही. व्यत्ययाची किंमत तिच्याकडून झोपेच्या तासांनी आणि पुढे हुकलेल्या बढतीने वसूल होते.

कायदा काय देतो

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा पहिल्या दोन मुलांसाठी १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली. हे मोठे पाऊल होते. त्याच दुरुस्तीत दोन तरतुदी आल्या: ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे झाले आणि रजेनंतर, कामाचे स्वरूप तसे असेल तर, मालक आणि कर्मचारी स्त्री यांच्या सहमतीने घरून काम करण्याची मुभा मिळाली.

दोन्ही तरतुदी शेजारी ठेवल्या की उणीव दिसते. पाळणाघर मिळते ते नोकरीच्या ठिकाणाच्या आसपास, आणि घरून काम करणारी आई तिथे जातच नाही. म्हणजे एक सवलत घेतली की दुसरी निरुपयोगी होते. शिवाय घरून काम हा हक्क नसून सहमतीचा विषय आहे आणि तो फक्त आईसाठी लिहिला आहे. केंद्र सरकारी कर्मचारी असलेल्या वडिलांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी क्षेत्रातल्या वडिलांना कायद्याने एकही दिवस मिळत नाही.

उत्तराचा एक धागा सरकारी योजनेतच आहे. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला साडेसात तास आणि महिन्याला २६ दिवस पाळणाघर चालवणे अपेक्षित आहे. कार्यालयात जाणाऱ्या आईला नऊ तासांची शिफ्ट आणि प्रवास धरून साडेसात तास पुरत नाहीत. घरून काम करणाऱ्या आईला मात्र प्रवास नसतो, त्यामुळे शिफ्टमधला दीड तासच उरतो. घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर असे पाळणाघर असेल, तर हिशेब जवळजवळ जुळतो.

म्हणून मागण्या तीन आहेत. मोठ्या मालकांनी घरून काम करणाऱ्या आई-बाबांना त्यांच्या वस्तीतल्या पाळणाघराचा खर्च द्यावा. घरून कामाच्या करारात जागेबरोबर तासही लिहावेत: कॉल कोणत्या वेळेत, काम किती वाजता संपणार. आणि घरून कामाची मुभा वडिलांनाही मिळावी, म्हणजे सातांपैकी दोन-तीन तास त्यांच्या नावावर लिहिता येतील. कायदा बदलायला वेळ लागेल. पण आठवड्याचे ३५ तास कागदावर मांडून कोणता तास कोणाचा ते आई आणि बाबाने मिळून ठरवायला कुणाच्याही परवानगीची गरज नाही. ते या रविवारीच करता येईल.