उशी ते भिंत : बेडरूमचा टीव्ही निवडताना

कंग्राळी बुद्रुक असो की खुर्द, दसरा-दिवाळीच्या तोंडावर घरोघरी एक विषय निघतोच. हॉलमध्ये टीव्ही आहे, आता आतल्या खोलीतही एक घेऊया. आजीला पडल्या पडल्या कीर्तन ऐकायचं असतं, कामावरून उशिरा आलेल्या पोराला मॅच बघायची असते, घरात कुणाला मराठी मालिका हवी असते तर कुणाला कन्नड सिनेमा. मग बेळगावात दुकानात जायचं आणि भिंतभर झगमगणाऱ्या पडद्यांपुढं गोंधळून उभं राहायचं. एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी, फोर के!

यावर माझं सांगणं एकच. हॉलचा टीव्ही कसाही घ्या, पण बेडरूमचा टीव्ही घरात, उशीवर डोकं टेकून ठरवा. दुकानात फक्त पैसे द्यायला आणि तपासायला जा. त्यासाठी लागणाऱ्या चटपटीत गोष्टी पुढं दिल्या आहेत.

बटाट्याचं शेत आणि गाजराचा रस

कंग्राळीला जाताना एपीएमसी मार्केट यार्ड लागतं. तिथं येणाऱ्या बटाट्याचं टीव्हीशी जुनं नातं आहे. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात फायलो फार्न्सवर्थ नावाचा चौदा वर्षांचा शेतकऱ्याचा पोरगा बटाट्याच्या शेतात काम करत होता. एकाखाली एक सरळ पडलेली तासं बघून त्याला सुचलं की चित्रसुद्धा असंच ओळीओळीनं पाठवता येईल. ७ सप्टेंबर १९२७ रोजी त्यानं पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पहिली प्रतिमा पाठवून दाखवली. आजचा पडदासुद्धा ओळीओळीनंच रंगतो.

गाजराची गोष्ट त्याहून जुनी. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीड्रिख राइनिट्झर हे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलवर प्रयोग करत होते. त्यापासून बनवलेला एक पदार्थ १४५.५ अंशाला वितळून गढूळ झाला आणि १७८.५ अंशाला पुन्हा एकदम नितळ झाला. पदार्थाला दोन वितळणबिंदू कसे, या कोड्यातून द्रव स्फटिकांचा शोध लागला. आज बहुतेक घरांतल्या टीव्हीत हेच द्रव स्फटिक काम करतात.

बेळगावचंही टीव्हीशी नातं आहे. इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवलेले पु. ल. देशपांडे पुढं दिल्लीच्या दूरदर्शनवर गेले, आणि तिथं पंडित नेहरूंची पहिली मुलाखत त्यांनीच घेतली.

आधी टेप, मग टीव्ही

पलंगावर नेहमीसारखे आडवे व्हा. घरातल्या कुणाला तरी डोळ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत टेप धरायला सांगा. आलेलं अंतर इंचात लिहून घ्या. त्याला २.५ नं भागलं की निवांत बघायला पुरेल असा आकार मिळतो, १.६ नं भागलं की थिएटरसारखा भरगच्च आकार मिळतो. या दोहोंच्या मधला टीव्ही तुमचा.

दहा फुटी खोलीत उशी मागच्या भिंतीशी असेल, तर डोळ्यापासून समोरची भिंत साधारण साडेआठ फुटांवर, म्हणजे १०२ इंचांवर येते. हिशेब ४१ ते ६४ इंच असा निघतो. म्हणजे अशा खोलीत ४३ इंची टीव्ही अगदी आरामात बसतो आणि ३२ इंची लहान वाटतो. पलंग आडवा टाकल्यामुळं अंतर पाच-सहा फूटच उरत असेल, तर मात्र ३२ इंचीच बरा.

आता खडू घ्या आणि भिंतीवर चौकोन आखा. ३२ इंचीसाठी ७१ बाय ४० सेंटिमीटर, ४३ इंचीसाठी ९५ बाय ५४, ५५ इंचीसाठी १२२ बाय ६९. दोन दिवस तो चौकोन तसाच ठेवा. कपाटाचं दार त्याला आडवं येतं का, खिडकीचा उजेड त्यावर पडतो का, हे फुकटात कळतं.

अकरा इंचांत ऐंशी टक्के

टीव्हीचा इंच तिरका मोजतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. म्हणून आकड्यातला छोटा फरक डोळ्याला मोठा दिसतो. ३२ वरून ४३ वर गेलात की इंच वाढतात अकरा, पण पडद्याचं क्षेत्रफळ वाढतं ऐंशी टक्के. आणि ३२ इंचीला लहान म्हणून हिणवू नका. रामायण लागलं की ज्याच्यापुढं अख्खी गल्ली बसायची, त्या २१ इंची डब्याच्या जवळपास दुप्पट चित्र त्यात मावतं.

फोर के पलंगावरून दिसतो का?

फुल एचडी पडद्यावर साधारण २० लाख ७४ हजार ठिपके असतात, फोर केवर त्याच्या चौपट, जवळजवळ ८३ लाख. ऐकायला भारी. पण निरोगी डोळा किती बारीक ठिपका वेगळा ओळखतो, याला मर्यादा आहे. ती मर्यादा लावली तर ४३ इंची फुल एचडीचे ठिपके साधारण साडेपाच फुटांपलीकडं एकमेकांत मिसळून जातात. साडेआठ फुटांवर पडलेल्या माणसाला तेवढ्याच पडद्यावर फोर केचे जादाचे ठिपके दिसणार नाहीत. ३२ इंची साध्या एचडीचंही तसंच. सहा फुटांपलीकडून त्यात आणि फुल एचडीत फरक कळत नाही.

म्हणून ४३ इंचीत फोर के आणि फुल एचडीच्या किमतीत थोडकाच फरक असेल तर फोर के घ्या, हरकत नाही. पण नुसत्या त्या दोन अक्षरांसाठी पाच-सहा हजार जास्त मोजू नका. ते पैसे चांगल्या पॅनेलवर आणि आवाजावर लावा.

एका पडद्यात दोन नोबेल

दुकानात ज्याला एलईडी टीव्ही म्हणतात, त्यात चित्र बनवतात ते द्रव स्फटिकच. एलईडी फक्त मागून उजेड देतात. त्या पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी लागतो. तो बनवल्याबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

क्यूएलईडी म्हणजे त्याच टीव्हीत रंग खुलवणारा अतिसूक्ष्म कणांचा एक थर. या क्वांटम डॉट्सच्या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, मौंगी बावेंडी, लुई ब्रूस आणि अलेक्सी येकिमोव यांना. तेव्हा आतल्या खोलीत क्यूएलईडी लावलात तर दोन नोबेलं भिंतीवर टांगल्यासारखंच आहे.

ओएलईडीची जात वेगळी. त्यात मागचा दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून अंधाऱ्या खोलीत त्याच्याइतका गडद काळा रंग दुसरीकडं मिळत नाही. २००७ साली बाजारात आलेला पहिला ओएलईडी टीव्ही, सोनीचा, जेमतेम ११ इंचांचा होता. बेडरूमला शोभेल असा ४२ इंची ओएलईडी यायला २०२२ उजाडलं. पण किंमत मोठी, आणि एक पथ्यही आहे. बातम्यांचं चॅनेल रोज तासन्‌तास चालू राहिलं, तर त्याच्या बोधचिन्हाचा आणि खालच्या पट्टीचा डाग पडद्यावर कायमचा उमटू शकतो. झोपताना बातम्या लावून ठेवायची सवय असेल तर ओएलईडीच्या वाटेला जाऊ नका.

बाजूनं बघू दे की!

साध्या एलईडीतही दोन पॅनेलं असतात, आणि बेडरूमसाठी खरा निर्णय इथंच होतो. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग जास्त गडद, त्यामुळं दिवा बंद करून बघताना चित्र उठावदार दिसतं. आयपीएस पॅनेलमध्ये काळा थोडा राखाडी पडतो, पण कडेला बसून बघितलं तरी रंग टिकतात.

दुकानदार म्हणतो, "वहिनी, समोर उभं राहून बघा, काय चित्र आहे!" तेव्हा सांगा, "दादा, जरा बाजूनं बघू दे की." पडद्याच्या अगदी कडेला जा आणि माणसांचे चेहरे बघा. चेहरे फिके पडले तर तो बहुधा व्हीए. पलंग टीव्हीच्या बरोबर समोर असेल तर व्हीए घ्या. पलंग तिरका असेल, किंवा खाली गादी टाकून पोरं कडेला झोपत असतील, तर आयपीएस घ्या.

दुकानातला झगमगाट घरी आणू नका

दुकानात ट्यूबलाइटच्या लखलखाटात उठून दिसावेत म्हणून टीव्ही सगळ्यात भडक मोडवर ठेवलेले असतात. तोच उजेड रात्री अकराला अंधाऱ्या खोलीत डोळ्यांना टोचतो आणि झोपही उडवतो. घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे पिक्चर मोड बदलून सिनेमा किंवा फिल्ममेकर करा आणि मागचा उजेड कमी करा. पहिले दोन दिवस चित्र पिवळसर वाटेल, मग डोळ्याला तेच गोड लागेल.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर घरचा एखादा व्हिडिओ घेऊन जा. लग्नाचा, नाहीतर गावच्या यात्रेचा. दुकानातलं नमुन्याचं चित्र प्रत्येक टीव्हीवर सुंदरच दिसतं. आपल्या माणसांचे चेहरे मात्र आपण अचूक ओळखतो. तिथले रंग पटले तर टीव्ही पास.

गादीवरून मान आणि भिंतीतली गिट्टी

हॉलमध्ये पडद्याचा मध्य डोळ्याच्या उंचीला हवा. पलंगावर उशीला टेकल्यावर नजर आपोआप वर जाते, म्हणून बेडरूममध्ये टीव्ही थोडा उंच लावला तरी चालतो. फक्त पडदा खाली झुकवता येणारा ब्रॅकेट घ्या. टीव्हीच्या मागच्या चार भोकांमधलं अंतर बघून ब्रॅकेट विकत घ्यायचा. ही मापं ठरलेली असतात, त्यामुळं दुसऱ्या कंपनीचा ब्रॅकेटही बसतो.

जुन्या घराची भिंत मातीत बांधलेली असेल तर गिट्टी धरत नाही. मग टेबल बरं. आणि पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल, तर त्या भिंतीवर टीव्ही टांगूच नका.

वळीव आणि करंट

एप्रिल-मेमधला बेळगावचा वळीव विजांसह येतो. ढग गडगडायला लागले की रिमोटनं बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि डिशची किंवा केबलची वायरही मागून काढा, कारण विजेचा झटका त्या वाटेनंही येतो. टीव्हीच्या पाठीवरची चिठ्ठी वाचा. बऱ्याच टीव्हींवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. म्हणजे करंट थोडा कमीजास्त झाला तरी तो सांभाळून घेतो. मात्र बोर्डाला अर्थिंग नीट आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्याच.

बिल कोण वाढवतं?

८० वॅटचा टीव्ही रोज तीन तास चालला तर वर्षाला साधारण ८८ युनिट लागतात. १० वॅटचा सेट टॉप बॉक्स चोवीस तास चालू राहिला तर? तेवढेच ८८! हेस्कॉमचं बिल कमी करायचं असेल तर झोपताना बॉक्सचं बटण बोर्डावरूनच बंद करा.

बत्तीस इंचांची रेघ पुसली

१ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर १८ टक्के जीएसटी होता आणि त्याहून मोठ्यावर २८ टक्के. त्यामुळं कितीतरी घरांनी ३२ वरच हात आखडला. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीवरही १८ टक्केच कर आहे. मूळ किंमत २० हजार असेल तर पूर्वी २५,६०० पडायचे, आता २३,६०० पडतात. कर वाचवायचा म्हणून छोटा घ्यायचं कारण आता उरलं नाही.

पांघरुणातून रिमोट

१९५५ साली झेनिथ कंपनीनं काढलेला बिनतारी रिमोट टॉर्चसारखा होता. पडद्याच्या कोपऱ्यावर उजेड मारला की काम व्हायचं. पण खोलीत ऊन आलं की चॅनेल आपोआप बदलायचं! पुढच्या वर्षी त्याच कंपनीनं सेल न लागणारा रिमोट आणला. त्यात छोट्या हातोड्या धातूच्या कांड्यांवर आपटायच्या आणि त्या आवाजावर टीव्ही चालायचा.

आता ब्लूटूथ रिमोट असेल तर थंडीत पांघरुणातूनही चॅनेल बदलतं. ब्लूटूथ हेडफोन जोडता येतो का, तेही विचारा. शेजारचं माणूस झोपलेलं असताना त्याची खरी किंमत कळते. स्लीप टायमर हवाच. माईकचं बटण दाबून दुकानातच मराठीत बोलून बघा. आजीला टायपिंग जमणार नाही, बोलणं जमेल.

मग घ्यायचा कोणता?

अंतर सहा फुटांच्या आत असेल तर ३२ इंची साधा एलईडी. साडेसहा ते नऊ फूट असेल तर ४३ इंची, पलंग समोर असेल तर व्हीए, तिरका असेल तर आयपीएस. हातात थोडे पैसे जास्त असतील तर त्यातच क्यूएलईडी. रात्री दिवा घालवून सिनेमे बघायची खरी हौस असेल, बातम्या तासन्‌तास चालत नसतील आणि खिसा तयार असेल, तर ४२ इंची ओएलईडी. आजीसाठी असेल तर आवाज आणि सोपा रिमोट आधी, बाकी सगळं नंतर. स्मार्टपणा जुना झाला तर दोन-चार हजारांची स्टिक लावून नवा करता येतो. पॅनेल मात्र बदलत नाही, म्हणून पैसे तिथं घाला.