चालत्या धंद्यास गिऱ्हाईक कसें मिळवावें?

नाशिकजवळचें अंबड हें एके काळीं शेतकऱ्यांचें गांव होतें. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें. पुढें त्याच्या वसाहतीसाठीं गांवची पुष्कळ जमीन गेली आणि जेथें पिकें डोलत होतीं तेथें कारखान्यांच्या छपरांच्या रांगा उभ्या राहिल्या. आज अंबड नाशिक महानगरपालिकेच्या हद्दींत आहे. येथें मोठ्या कारखान्यांच्या आश्रयानें त्यांना सुटे भाग पुरविणारे लहान घरगुती कारखानेही वाढले. चार लेथ, दोन प्रेस, आठ-दहा कामगार, आणि सकाळीं कुलूप काढण्यापासून रात्रीं तें लावण्यापर्यंत सर्व कामें स्वतः पाहणारा मालक, असें त्यांचें स्वरूप असतें.

अशा कित्येक कारखान्यांचे पहिले मालक आतां वृद्ध झाले आहेत. मुलगा पुण्यास किंवा परदेशीं नोकरीस असतो. मुलगी आपल्या व्यवसायांत स्थिर झालेली असते. लेथच्या तेलकट कामाकडे कोणाचेंच मन नसतें. जमीन विकावयाची म्हटली तर गिऱ्हाईक दारीं येतें. चाळीस वर्षें घाम गाळून उभ्या केलेल्या धंद्यास मात्र कोणी विचारीत नाहीं. अखेर यंत्रें भंगाराच्या भावानें जातात, कामगार दुसरीकडे पोट भरावयास जातात, आणि मालकाच्या म्हातारपणाची बेगमी अर्ध्यावर येते.

हा प्रश्न अंबडपुरताच नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कोणाचें गुऱ्हाळ आहे, कोणाचा तेलघाणा, कोणाची रोपवाटिका, तर कोणाची औतें दुरुस्त करण्याची शाळा. त्या सर्वांवर हा प्रसंग आज ना उद्यां येणार आहे. म्हणून त्याचा वेळींच विचार केलेला बरा.

गिऱ्हाईक काय विकत घेतें?

द्राक्षबाग पाहावयास आलेला मनुष्य मालकानें किती कष्ट केले हें विचारीत नाहीं. खुंट कोणता, वेलींचें वय काय, उन्हाळ्यांत पाणी टिकतें कीं नाहीं, हें तो पाहतो. धंद्याचेंही तसेंच आहे. यंत्रें बाजारांत कोणासही मिळतात. गिऱ्हाईक पैसे मोजतो ते पुढेंही येत राहणाऱ्या कामासाठीं. तेव्हां त्याचा पहिला प्रश्न असा कीं, मालक उद्यां उठून गेला तर हा धंदा चालेल काय?

बहुतेक ठिकाणीं याचें उत्तर नकारार्थी असतें. भाव मालकाच्या डोक्यांत, साच्यांचीं मापें जुन्या मिस्त्रीच्या बोटांत, आणि काम देणाऱ्यांची ओळख मालकाच्या शब्दांत असते. म्हणून विक्रीचा विचार येतांच दोन-तीन वर्षें आधीं तयारीस लागावें. प्रत्येक कामाचीं मापें व दर लिहून काढावे. एका हुशार कामगारास पुढें आणावें. निम्म्याहून अधिक काम एकाच मोठ्या कारखान्याकडून येत असेल, तर आणखी दोन-तीन गिऱ्हाइकें जोडावीं. कारण त्या एका ठिकाणचें काम बंद पडलें म्हणजे धंदाच बंद पडला. मालकानें एक महिना गांवीं जाऊन राहून पाहावें. तो नसतां माल वेळेवर गेला, तर धंदा विकण्याजोगा झाला असें समजावें.

खरा नफा कोणता?

किंमतीविषयीं सर्वांत मोठी चूक येथेंच होते. उदाहरणादाखल एक कल्पित कारखाना घेऊं. सर्व खर्च जाऊन मालकाच्या हातीं वर्षाला १२ लाख रुपये राहतात आणि यालाच तो नफा म्हणतो. पण तो स्वतः दिवसभर राबतो. त्याच्या जागीं माणूस ठेवावयाचा तर महिना ४० हजार, म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार रुपये लागतील. पत्नी हिशेब लिहिते. तें काम महिना १५ हजारांचें, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजारांचें. जागा घरची म्हणून भाडें धरलेलेंच नाहीं. तें महिना २० हजार धरलें तर वर्षाला २ लाख ४० हजार होतें. ही बेरीज ९ लाखांची झाली. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें नफा उरला तो अवघा ३ लाखांचा.

आतां जागा वगळून या धंद्याचे ६० लाख मागितले, तर भांडवल वसूल होण्यास २० वर्षें लागतील. असा सौदा शहाणा मनुष्य करणार नाहीं. हाच धंदा १५ लाखांस दिला तर तें ५ वर्षांत फिटतें, आणि बोलणें पुढें सरकतें. शिल्लक मालाची व जागेची किंमत अर्थात् निराळी ठरवावी. घरांतल्या माणसांची मजुरी न धरतां शेतीचा हिशेब करण्याची जी आपली जुनी खोड, तीच येथेंही आड येते. गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद व जी.एस.टी.चीं विवरणपत्रें सनदी लेखापालाकडून तपासून तयार ठेवावींत. कागदावर न दाखविलेल्या विक्रीचे पैसे गिऱ्हाईक देत नाहीं.

गिऱ्हाईक कोठें शोधावें?

तें बहुधा दूर नसतें. नाशिकचेंच उदाहरण पाहा. गंगापूर धरणाच्या परिसरांत गुरनानी कुटुंबानें यॉर्क ही द्राक्षमद्याची वायनरी उभारली होती. २०२१ सालीं ती सुला व्हिनियर्ड्स या मोठ्या कंपनीनें घेतली. घेणारी कंपनी त्याच धंद्यांतली व त्याच परिसरांतली होती. तशाच कॅम्लिनचा दाखला ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. दांडेकर कुटुंबानें १९३१ सालीं मुंबईंत शाईपासून सुरू केलेल्या या धंद्याचा मोठा हिस्सा २०११ सालीं जपानच्या कोकुयो कंपनीनें घेतला, तरी नव्या नांवांत ‘कॅम्लिन’ हा शब्द कायम राहिला. नांवाची पत हीच तेथें मोलाची वस्तु होती.

लहान कारखानदारानेंही असाच शोध घ्यावा: आपला प्रतिस्पर्धी, आपल्यास कच्चा माल देणारा, आपल्याकडून माल घेणारा, आणि विशेषेंकरून आपला मुख्य मिस्त्री. मिस्त्रीजवळ रोकड नसते, परंतु धंदा त्याच्याइतका कोणास ठाऊक नसतो. कांहीं रक्कम बँकेच्या कर्जांतून व बाकीची ठरलेल्या हप्त्यांनीं घेतां येईल. मात्र हप्त्यांस तारण घेतल्यावांचून किल्ल्या देऊं नयेत. बोलणीं गुप्त ठेवावींत. विक्रीची वार्ता फुटली कीं कामगार दुसरी नोकरी पाहूं लागतात व काम देणारे हात आंखडतात. म्हणून गिऱ्हाइकांची यादी दाखविण्यापूर्वीं गुप्ततेचा करार लिहून घ्यावा.

कागदपत्रांची तयारी

वसाहतींतील भूखंड सामान्यतः महामंडळाच्या भाडेपट्ट्याचा असतो. तो दुसऱ्याच्या नांवें करण्यास किंवा पोटभाड्यानें देण्यास महामंडळाची पूर्वपरवानगी लागते व आकार भरावा लागतो. हा खर्च कोणी सोसावयाचा तें आधींच ठरवावें. धंदा शेतजमिनीवर असेल तर १९४८ चा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आड येतो. जो शेतकरी नाहीं त्यास अशी जमीन सामान्यतः जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून विकतां येत नाहीं.

धंदा किंवा जागा एकत्र हिंदु कुटुंबाची वडिलार्जित असेल तर मुलींस विसरूं नये. २००५ च्या दुरुस्तीनें मुलगी जन्मतःच मुलाप्रमाणें सहहिस्सेदार झाली, आणि वडील त्या वेळीं हयात नसले तरी हा हक्क तिला आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें. लेकीची संमति शेवटच्या दिवशीं सहीपुरती मागणें हें जसें अन्यायाचें तसें धोक्याचेंही आहे. पहिल्याच बैठकीस तिला बोलवावें.

धंद्याबरोबर नांवलौकिक विकला तर विकणाऱ्यानें त्याच भागांत तसाच धंदा पुन्हां काढूं नये, अशी अट गिऱ्हाईक घालतें. १८७२ च्या करार कायद्यान्वयें, क्षेत्र वाजवी व ठरलेलें असेल तर ही अट बांधील असते. ज्याच्या मुलास पुढें तेंच काम करावयाचें आहे त्यानें सही करण्यापूर्वीं वकिलास विचारावें. कामगारांची जुनी नोकरी पुढें धरली जाईल, हेंही करारांत लिहून घ्यावें. ज्यांच्या हातांनीं धंदा वाढला त्यांचें तेवढें ऋण आपल्यावर आहे.

सौदा मोडला तर?

सौदे मोडतात, आणि मोठमोठ्यांचे मोडतात. बिसलेरीचे रमेश चौहान हे आपल्या धंद्यास योग्य मालक शोधीत असल्याचें २०२२ सालीं जाहीर झालें. टाटा समूहाशीं बोलणीं चाललीं होतीं. तीं मार्च २०२३ मध्यें थांबलीं, आणि पुढें त्यांच्या कन्येनें धंद्यांत लक्ष घातलें. धंदा चालता होता म्हणूनच परत फिरण्यास वाट उरली. बोलणीं चालूं असतां ज्यानें नवें काम घेणें सोडलें, त्यास मात्र मिळेल त्या भावानें विकावें लागतें.

उभें पीक विकावयाचें तर तें हिरवें असतांच बोलणें करावें, वाळल्यावर कडब्याचाच भाव येतो. ज्या बांधवांची साठी जवळ आली आहे त्यांनीं या दिवाळीस घरचीं सर्व माणसें, लेकीजांवयांसह, जमलीं म्हणजे एकच प्रश्न पुढें ठेवावा: आपल्यामागें हें कोण चालविणार? घरांतून नांव पुढें आलें तर उत्तम. न आलें तर मनांत कटुता न आणतां दुसऱ्या दिवसापासूनच वही उघडावी आणि भाव व मापें लिहावयास बसावें.