मोबाइलमधलं पुस्तक आणि तुमचा आवाज

चुलीवर आमटी उकळते आहे, भाकऱ्या थापायच्या आहेत, बाहेर पाऊस धो धो कोसळतो आहे आणि तीन-चार वर्षांचं पोर पदराला धरून भुणभुणतं आहे. अशा वेळी मोबाइल त्याच्या हाती दिला, की घर कसं चिडीचूप होतं! तुमच्याकडेही होतं ना असं? आणि चंदगडचा पाऊस म्हणजे काय, हे तिथल्या सुनांना सांगायला नको. सह्याद्रीच्या माथ्यावरचं गाव. पावसाळ्यात मुलांना अंगणात सोडायची सोयच नाही. तेव्हा तुम्हाला बोल लावण्यासाठी हा लेख नाही, बरं का! मोबाइल घरात आला आहे, तो आता परत जाणार नाही. प्रश्न एवढाच, की त्याच मोबाइलकडून मुलाला वाचनाची गोडी लावण्याचं काम करून घेता येईल का?

येईल. पण एका अटीवर. ती अट म्हणजे तुम्ही स्वतः!

गाणं पाठ झालं, म्हणजे वाचता आलं?

"आमच्या बाळाला एबीसीडी मोबाइलनंच शिकवली हो," असं आपण कौतुकानं सांगतो. कौतुक जरूर करावं. पण अक्षरांचं गाणं म्हणणं निराळं आणि वाचणं निराळं. 'नांगर' हा शब्द मुलानं जुळवून वाचला, पण नांगर ही काय चीज आहे हेच त्याला ठाऊक नसेल, तर त्या वाचनाला काय अर्थ? वाचायच्या आधी मुलाच्या गाठीला शब्दांची पुंजी हवी. ती जमते बोलण्यातून. त्यानं विचारायचं, आपण सांगायचं. आपण विचारायचं, त्यानं आठवून आठवून उत्तर द्यायचं. मोबाइलवरचं चित्र नाचतं, गातं. पण मुलाच्या प्रश्नाला थांबून उत्तर देत नाही.

हे इतकं महत्त्वाचं का? 'असर'चा २०२४ सालचा अहवाल पाहा. ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी शंभरात साधारण सत्तावीस मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. बाकीची मुलं बुद्धीनं कमी नव्हती. पण तिसरीनंतर सगळे विषय वाचूनच शिकायचे असतात. वाचनाची गाडी अडली, की गणित अडतं, परिसर अभ्यास अडतो, आणि मग मुलाला शाळाच नकोशी होते. त्याची पायाभरणी होते ती पहिलीच्याही आधी, आपल्या घरात.

पडदा आणि पान

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. सदतीस पालक आणि त्यांची लहानगी मुलं. प्रत्येक जोडीनं कागदी पुस्तकही वाचलं आणि ई-पुस्तकही. कागदी पुस्तक वाचताना आईबाप आणि मूल गोष्टीबद्दल जास्त बोलले. पडद्यावरच्या पुस्तकात मात्र "तिथं बोट लावू नकोस", "थांब, पान उलटू दे" असलंच बोलणं वाढलं. म्हणजे गोष्ट राहिली बाजूला!

यातून आपण काय घ्यायचं? घरात कागदी पुस्तक असेल, तर पहिला मान त्याचा. पण लहान गावात मुलांची चांगली पुस्तकं सहज मिळत नाहीत, आणि मिळाली तरी दर आठवड्याला नवं घेणं परवडत नाही. तिथं मोबाइल उपयोगी पडतो, तो पुस्तकांचं कपाट म्हणून. कपाट काही गोष्ट सांगत नाही. ते उघडून गोष्ट सांगायची आपण.

कपाटात काय काय आहे?

'प्रथम बुक्स' या संस्थेनं २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' सुरू केलं. तिथं मराठीसह अनेक भाषांतली चित्रमय गोष्टींची पुस्तकं फुकट वाचता येतात. पुस्तकांच्या चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीत सोपे शब्द, छोटी वाक्यं आणि पानभर चित्रं असतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी तिथूनच सुरुवात करा. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. घरात मोठं भावंडं असेल, तर १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही तिथं आहेत. ताईनं वाचावं, धाकट्यानं ऐकावं!

एक व्यवहाराची गोष्ट. पावसात वीज गेली, की पाठोपाठ मोबाइलची रेंजही जाते. म्हणून रेंज असेल तेव्हाच चार-पाच पुस्तकं उतरवून ठेवा. लोणच्याची बरणी भरून ठेवतो ना, तसंच हे!

वाचायचं कसं?

मुलाला मांडीवर किंवा शेजारी घ्या. मोबाइल तुमच्या हातात ठेवा. आपोआप वाचून दाखवणारा आवाज असेल, तर तो बंद करा. मोबाइलवर येणारे निरोप आणि घंटाही तेवढा वेळ बंद.

शब्दाखाली बोट फिरवत सावकाश वाचा. डावीकडून उजवीकडे जायचं असतं, या काळ्या खुणांतून बोलणं निघतं, हे मुलाला त्यातूनच उमगतं.

प्रत्येक पानावर थांबा. "हे कोण?" एवढंच विचारू नका. "आता काय होईल रे?", "तू असतास तर काय केलं असतंस?" असंही विचारा. उत्तर चुकलं तरी हसू नका.

तीच गोष्ट मुलानं दहादा मागितली, तर दहादा वाचा. कंटाळा आपल्याला येतो, त्याला नाही. त्यातूनच शब्द पक्के होतात.

आणि वेळेचं भान ठेवा. दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरचा बैठा वेळ दिवसाला एका तासाहून जास्त नसावा, आणि कमी असेल तितका बरा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं. वर्षाच्या आतल्या बाळाला तर पडदा नकोच. गोष्टीला पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली.

आपल्या बोलीची लाज कशाला?

"आमची भाषा पुस्तकातली नाही, मग आम्ही काय शिकवणार?" असं अनेकजणी म्हणतात. चंदगडी बोलीत कोकणी आणि कानडीच्या छटा आहेत. घरात मूल ही बोली ऐकतं, आणि शाळेत पुस्तकातली मराठी एकदम समोर येते. ते गोंधळतं, गप्प बसतं. अशा वेळी घरची बोली हाच पूल आहे. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं वाचा आणि मग तेच आपल्या बोलीत सांगा. एका गोष्टीत मुलाला दोन्हीकडचे शब्द मिळतील.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागडी साधनं नव्हतीच. शंखशिंपले, पानं, बिया, जे भोवताली मिळेल त्यातून त्यांनी साधनं केली. मोबाइलच्या काळातही धडा तोच आहे: मुलाच्या अंगणातलं घ्या!

चंदगडच्या मुलाला शिवारात उतरणारा रानहत्ती ठाऊक असतो, काजूची बोंडं ठाऊक असतात, नाचणीची भाकरी तर रोजचीच. सासूबाईंना हत्तीची गोष्ट सांगायला लावा आणि ती मोबाइलमध्ये त्यांच्याच आवाजात भरून घ्या. मुलाला चित्रं काढू द्या. प्रत्येक चित्राखाली तो सांगेल ते वाक्य तुम्ही मोठ्या अक्षरांत लिहा. चार कागद दोऱ्यानं शिवले, की पुस्तक तयार! आपण बोललेलं लिहिता येतं आणि लिहिलेलं पुन्हा बोलता येतं, हे मुलाला त्या दिवशी कळतं. वाचनाचं सगळं मर्म एवढंच तर आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, आज रात्री जेवणं उरकली, की भांडी जरा तशीच राहू देत. ओटा उद्याही आवरता येईल. एकच छोटी गोष्ट निवडा आणि वाचायला बसा. शिकवायचं आहे, असं मनातही आणू नका. ह्यांनाही शेजारी बसवा. बाबांच्या आवाजातला वाघ फार झकास गुरगुरतो!